दोन गाड्यांचा ग्राफ: रेषा ३ सेकंदाला छेदतात, मग उत्तर ६ सेकंद कसं?

शेवटचा_बाक

फिजिक्स नुकतंच चालू झालंय आणि पहिल्याच चॅप्टरला गाडी अडकलीये, म्हणून इथे टाकतोय. गणित असं आहे: सिग्नलला एक कार उभी आहे, सिग्नल हिरवा झाला की ती ३ मी/से² त्वरणाने निघते. नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या लेनमधून एक ट्रक ६ मी/से वेगाने तिच्या बाजूने पुढे जातो, आणि तोही वेग वाढवतोय पण १ मी/से² ने. रस्ता सरळ. दोघांचे वेग-काळ आणि स्थान-काळ ग्राफ काढा आणि कार ट्रकला कधी गाठते ते ग्राफवरून सांगा.

वेग-काळ ग्राफ काढला. कारची रेषा शून्यातून, ट्रकची ६ पासून, दोन्ही सरळ. ३ सेकंदाला छेदतात, तिथे दोघांचा वेग ९. मी ३ सेकंद लिहून मोकळा झालो आणि मागे उत्तर बघतो तर ६ सेकंद, ५४ मीटर. सूत्रात घालून पाहिलं तर ६ च येतंय त्यामुळे पुस्तक चुकलंय असंही म्हणता येत नाही. पण मग तो छेदनबिंदू काय सांगतोय? रेषा भेटतात तिथे गाड्या भेटत नसतील तर ग्राफ काढायचाच कशाला?

आणि दुसरा प्रॉब्लेम स्थान-काळचा. दोन्ही वक्र शून्यातूनच निघतात, दोन्ही वर वर जातात, मी काढले तर एक जरा उभट आणि एक जरा पसरट असे दोन सारखेच पॅराबोला आले आणि ते पुन्हा कुठे छेदतच नाहीत. सूत्र माहितीये, सूत्र नको. ग्राफ वाचायचा कसा ते कोणीतरी सांगा प्लीज.


चढ_उतार

सगळ्यात आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाच, मग रेषांकडे बघ. तुझ्या पहिल्या ग्राफवर उभा अक्ष वेगाचा आहे, म्हणजे त्या कागदावर जागा कुठे दाखवलेलीच नाहीये. रेषा छेदल्या म्हणजे त्या क्षणी स्पीडोमीटरचा काटा दोन्ही गाड्यांत एकाच आकड्यावर आहे, बस. गाड्या शेजारी आहेत की एक किलोमीटर लांब आहेत हे तो ग्राफ सांगतच नाही.

आता ३ सेकंदाला नक्की काय होतंय ते बघ, कारण तो बिंदू फालतू नाहीये, उलट गणितातली सगळ्यात मजेशीर जागा तीच आहे. ३ सेकंदापर्यंत ट्रकचा वेग जास्त आहे, म्हणजे ट्रक कारपासून लांब लांबच जातोय. कार कितीही जोरात पिकअप घेत असली तरी तिचा वेग अजून ट्रकपेक्षा कमी आहे ना, मग अंतर वाढणारच. ३ सेकंदाला वेग समान झाले, अंतर वाढायचं थांबलं. तिथून पुढे कार जास्त वेगात, म्हणून अंतर कमी व्हायला लागलं. म्हणजे तुला जो क्षण भेटीचा वाटला तो दोघांमधलं अंतर सगळ्यात जास्त असण्याचा क्षण आहे, बरोब्बर उलटं.

आकडे घालून बघ हवं तर. १ सेकंदाला ट्रक ६.५ मीटरवर, कार १.५ वर, फरक ५. दोन सेकंदाला १४ आणि ६, फरक ८. तिसऱ्याला २२.५ आणि १३.५, फरक ९. चौथ्याला ३२ आणि २४, परत ८. पाचव्याला ४२.५ आणि ३७.५, फरक ५. सहाव्याला दोघं ५४ वर. फरकांची रांग बघ, ०, ५, ८, ९, ८, ५, ०. मधोमध ९ आणि दोन्ही बाजूला आरशासारखं.

हे आरशासारखं का येतं तेही त्याच वेग-काळ ग्राफवर दिसतं, फक्त रेषा नाही तर रेषांमधली जागा बघायची. वेग-काळ ग्राफखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. मग दोन रेषांच्या मधलं क्षेत्रफळ म्हणजे दोघांमधला फरक. ० ते ३ मध्ये एक त्रिकोण दिसेल, उभी बाजू ६, रुंदी ३, क्षेत्रफळ ९, ही ट्रकची आघाडी. ३ च्या पुढे दुसरा त्रिकोण उघडायला लागतो, कार वर आणि ट्रक खाली, ही कारची वसुली. हा दुसरा त्रिकोण पहिल्याएवढा झाला की हिशोब फिटला, आणि तो होतो ६ सेकंदाला. दोघं एकाच जागेवरून निघाले असतील आणि रेषा सरळ असतील तर भेटीची वेळ कायम छेदनबिंदूच्या दुप्पट येते. पेन्सिलने दोन त्रिकोण शेड कर, सूत्राशिवाय उत्तर मिळतं.


खडू_डस्टर

वरचं उत्तर झकास आहे, मी फक्त दुसऱ्या ग्राफबद्दल लिहितो कारण शिकवताना मला हीच अडचण सतत दिसते.

बाळा, तुझे दोन्ही पॅराबोला शून्यातून निघतात हे बरोबर, पण ते शून्यातून कसे निघतात ते तू बघितलं नाहीस. स्थान-काळ ग्राफचा चढ म्हणजे वेग. कार उभी होती, म्हणजे सुरुवातीला तिचा चढ शून्य. तिचा वक्र आडव्या अक्षाला चिकटून, अगदी लोळत निघाला पाहिजे. ट्रक त्या क्षणी ६ मी/से ने चाललाय, म्हणजे त्याचा वक्र पहिल्या बिंदूपासूनच तिरका, सेकंदाला ६ मीटर चढणारा. तू बहुतेक दोघांनाही आडवं लोळवत सुरू केलंस, म्हणजे नकळत ट्रकलाही सिग्नलला उभं केलंस, आणि मग अर्थातच ते परत छेदणार नाहीत, कारण दोघं थांबलेल्या अवस्थेतून निघाले तर जास्त त्वरणवाला पहिल्या क्षणापासून पुढेच राहतो.

ट्रकचा वक्र फारसा वाकलेला दिसणारही नाही. सहा सेकंदात त्याचा वेग ६ चा १२ होतो, म्हणजे चढ फक्त दुप्पट. कारचा चढ ० पासून १८ पर्यंत जातो. त्यामुळे ट्रक जवळजवळ सरळ रेषेसारखा आणि कार खालून पोट काढून वर येणारी, असं चित्र आलं पाहिजे. कारचा वक्र बराच वेळ ट्रकच्या खाली राहतो आणि (६ से, ५४ मी) या बिंदूपाशी खालून वर त्याला कापून जातो.

आता एक करा, हे मी सगळ्यांना करायला लावतो. एकाच कागदावर वर स्थान-काळ आणि बरोबर त्याच्या खाली वेग-काळ काढा, काळाचा अक्ष दोन्हीकडे एकाच स्केलचा, आणि ३ व ६ सेकंदाला पट्टीने वरपासून खालपर्यंत उभ्या तुटक रेषा मारा. ३ च्या रेषेवर खालच्या ग्राफात रेषा छेदतायत आणि वरच्या ग्राफात दोन वक्रांमधली उभी फट सगळ्यात मोठी आहे. तिथे दोन्ही वक्रांना स्पर्शिका काढून बघा, समांतर येतील, दोघींचा चढ ९. मग ६ च्या रेषेवर या. वर वक्र छेदतायत, खाली मात्र रेषा चांगल्या फाकलेल्या, कार १८ आणि ट्रक १२. भेटले तेव्हा वेग वेगळे आणि वेग सारखे तेव्हा भेट नाही, हे एका नजरेत दिसतं.

हा गोंधळ तुझ्या एकट्याचा नाही. १९८० साली ट्रोब्रिज आणि मॅकडर्मॉट या दोघांचा यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन रुळांवर घरंगळणारे चेंडू दाखवले आणि विचारलं की दोघांचा वेग कधी सारखा होतो. बऱ्याच जणांनी चेंडू शेजारी शेजारी आले तो क्षण सांगितला. तू वेग सारखे बघून जागा सारखी मानलीस, त्यांनी जागा सारखी बघून वेग सारखे मानले. गल्ली तीच, शिरायचं टोक वेगळं.

आणि क्षेत्रफळ म्हणजे अंतर ही कल्पना अक्ष-बिक्ष रुळायच्या आधीची आहे बरं का. चौदाव्या शतकात निकोल ओरेम नावाचा फ्रेंच विद्वान आडव्या रेषेवर काळ घेऊन त्यावर वेगाच्या उभ्या रेघा मारायचा आणि सारखा वाढणारा वेग त्रिकोणाने दाखवायचा. ज्याच्या नावाने आपण हे अक्ष ओळखतो तो देकार्त त्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी आला.


शॉर्टकट_सम्राट

एवढं रामायण कशाला. ट्रकमध्ये बसून बघा. ट्रकमधून कार ६ मी/से ने मागे जाताना दिसते आणि तिचं त्वरण ३ वजा १ म्हणजे २ पुढच्या दिशेने. ६ चा मागचा वेग २ ने कमी होत ३ सेकंदात शून्य, तोपर्यंत ९ मीटर मागे, मग तितक्याच वेळात परत. ३ अधिक ३ बरोबर ६. दोन ओळीत गणित खल्लास, ग्राफ फक्त मार्कांसाठी काढायचा. दोन गाड्या दिसल्या की सापेक्ष वेग आणि सापेक्ष त्वरण घ्यायचं, डोळे मिटून.


चढ_उतार

@शॉर्टकट_सम्राट या गणिताला तुझी पद्धत मस्त बसते आणि ती शिकावीच, पण ते "डोळे मिटून" तेवढं काढ. हे सोडव डोळे मिटून: दोन गाड्या एकामागे एक, दोघी २० मी/से ने, मध्ये १२ मीटर. दोघी एकाच क्षणी ब्रेक मारतात. पुढचीचे ब्रेक कडक, ५ मी/से² ने वेग कमी होतो, मागचीचे जरा ढिले, ४ ने. टक्कर होते का?


शॉर्टकट_सम्राट

सापेक्ष वेग ० आणि सापेक्ष त्वरण १, मागची पुढचीकडे सरकतेय. १२ मीटर म्हणजे अर्धा गुणिले वेळेचा वर्ग, वेळेचा वर्ग २४, वेळ साधारण ४.९ सेकंद. मागची थांबायला ५ सेकंद घेते, म्हणजे थांबायच्या जरासं आधी धडकते. होते टक्कर.


चढ_उतार

नाही होत. ग्राफ काढ.

पुढची गाडी २० वरून ५ ने उतरत ४ सेकंदाला शून्यावर येते आणि तिथेच थांबते. तिची वेग-काळ रेषा ४ सेकंदाला आडव्या अक्षावर टेकते आणि पुढे अक्षावरूनच चालते. तुझ्या समीकरणात मात्र ती रेषा अक्षाच्या खाली घुसली, म्हणजे ४ सेकंदानंतर तू पुढच्या गाडीला रिव्हर्समध्ये मागे आणलंस आणि मागच्या गाडीवर नेऊन आदळलंस. ब्रेक गाडीला थांबवतो, उलटी पळवत नाही.

क्षेत्रफळं घे, दोन त्रिकोण आहेत फक्त. पुढची: अर्धा गुणिले ४ गुणिले २०, ४० मीटर. ती १२ मीटर पुढे होती म्हणजे ५२ वर उभी. मागची: अर्धा गुणिले ५ गुणिले २०, ५० मीटर. २ मीटर राखून थांबली. सूत्र टक्कर म्हणतंय, ग्राफ नाही म्हणतोय, आणि ग्राफ बरोबर आहे कारण सूत्र एका त्वरणापुरतंच खरं असतं आणि इथे ४ सेकंदाला त्वरण बदललं. रेषेला जिथे कोपरा येतो तिथे समीकरण नव्याने लिहायचं, आणि कोपरा आहे हे समीकरण स्वतःहून सांगत नाही, तो चित्रातच दिसतो.

(प्रत्यक्षात मागच्या ड्रायव्हरला पुढचे लाल दिवे दिसून पाय ब्रेकवर जायला वेळ लागतो. अर्धा सेकंद धरला तरी तेवढ्यात २० च्या वेगाने १० मीटर गेले, थांबायला एकूण ६० मीटर लागणार आणि पुढची उभी आहे ५२ वर. ग्राफवर हा अर्धा सेकंद म्हणजे त्रिकोणाच्या आधी लागलेला एक अरुंद आयत, पण टक्कर होणार की नाही ते तोच ठरवतो.)


शॉर्टकट_सम्राट

बरं, ब्रेकवाल्याला तुकडे पाडू. बाकी ठिकाणी माझी पद्धत चालूच राहणार 😄


सेल_नंबर_बी_२

कोणी एक्सेलमध्ये ग्राफ काढणार असेल तर एक खड्डा सांगून ठेवते. बरेच जण असं करतात की एका कॉलममध्ये वेळ, दुसऱ्यात वेग, तिसऱ्यात आधीचं स्थान अधिक आधीच्या ओळीतला वेग गुणिले एक सेकंद, आणि खाली ड्रॅग. मूळ कार-ट्रकचंच गणित असं करून बघा, एक-एक सेकंदाच्या ओळी घेऊन. ६ सेकंदाला कार येते ४५ वर आणि ट्रक ५१ वर, म्हणजे गाठलेलंच नाही. ७ सेकंदाला दोघं ६३ वर. सगळे आकडे पूर्णांक, ग्राफ गुळगुळीत, आणि उत्तर साफ चूक, त्यामुळे संशयसुद्धा येत नाही.

कारण असं की त्या पूर्ण सेकंदात वेग वाढतोय पण आपण सेकंदाच्या सुरुवातीचाच वेग धरून चाललोय. दोघांचंही अंतर कमी येतं पण कारचं जास्त कमी येतं, कारण तिचं त्वरण जास्त. याला ऑयलरची पद्धत म्हणतात आणि ती वाईट नाहीये, फक्त पाऊल लहान पाहिजे. या गणितात तर गंमत अशी की भेटीची वेळ बरोब्बर एका पावलाने उशिरा येते, १ सेकंदाचं पाऊल घेतलं तर ७, अर्ध्याचं घेतलं तर ६.५, ०.१ चं घेतलं तर ६.१.

उपाय सोपा आहे, आधीचा वेग न घेता त्या ओळीचा आणि आधीच्या ओळीचा सरासरी वेग घ्या. त्वरण स्थिर असेल तर मग पाऊल कितीही मोठं असो उत्तर अचूक येतं, कारण आयताऐवजी तुम्ही समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ घेताय आणि सरळ रेषेखाली तोच आकार असतो. आणि चार्ट टाकताना स्कॅटर निवडा, लाइन चार्ट नको. लाइन चार्ट आडव्या अक्षाला नुसती लेबलं समजतो, ओळींमधलं वेळेचं अंतर कमीजास्त असलं की ग्राफ वेडावाकडा होतो.


शेवटचा_बाक

सगळ्यांना थँक्स, दोन ग्राफ वर-खाली काढले आणि त्रिकोणवालं एकदम बसलं डोक्यात. ट्रकचा वक्र खरंच तिरका निघतो, मी आडवाच काढत होतो.

आता पुढचंच गणित आहे, सगळं तेच फक्त सिग्नल हिरवा झाला तेव्हा ट्रक १६ मीटर पुढे आहे. मी वेग-काळ काढायला घेतला तर तो आधीच्यासारखाच्या सारखा आला, काहीच बदललं नाही. हे बरोबर आहे का? आणि वर्गसमीकरण सोडवलं तर वेळ ८ आणि वजा २ आली. ८ ठीक आहे, दोघं ९६ मीटरवर येतात, तपासलं. वजा २ सेकंद म्हणजे काय, ते नुसतं खोडायचं का?


खडू_डस्टर

बरोबर आहे, वेग-काळ ग्राफ तोच राहणार. कोण कुठून निघालं याची नोंद त्या ग्राफात नसते, ती वेगळी लिहून ठेवावी लागते. स्थान-काळवर मात्र ट्रकचा अख्खा वक्र १६ मीटर वर उचलला जातो. सगळ्यात जास्त फट अजूनही ३ सेकंदालाच, फक्त ९ ऐवजी २५ मीटर. आणि दुप्पट वेळेचा नियम इथे लागू नाही, कारण कारला आता ९ च्या ऐवजी २५ मीटरची वसुली करायचीये. त्रिकोणाचं क्षेत्रफळ २५ व्हायला ३ च्या पुढे ५ सेकंद लागतात (५ सेकंदात वेगांतला फरक १०, अर्धा गुणिले ५ गुणिले १०), म्हणून ८.

वजा २ नुसतं खोडू नकोस, आधी काढून बघ. दोन्ही पॅराबोला शून्याच्या डावीकडे वाढव, वजा २ ला दोघं ६ मीटरवर खरंच छेदतात. समीकरणाला वाटतंय की कार आधीपासूनच त्या त्वरणाने चाललीये, म्हणजे वजा २ सेकंदाला ती ६ मी/से ने मागे येत होती, सिग्नलपाशी क्षणभर थांबली आणि मग पुढे निघाली. अशी कार असती तर ती भेट खरी असती. आपली कार शून्याच्या आधी उभी होती, म्हणून तिचा खरा ग्राफ डावीकडे अक्षावरच आडवा पडलेला आहे आणि तो ट्रकच्या वक्राला तिथे ६ मीटरवर शिवत नाही. चढ_उतार यांनी ब्रेकला दाखवलेला कोपरा इथेही आहे, फक्त शेवटी नसून सुरुवातीला.


शेवटचा_बाक

ओके म्हणजे उत्तरात "कार ० सेकंदाच्या आधी स्थिर, म्हणून वजा २ ग्राह्य नाही" असं लिहू ना?


खडू_डस्टर

हो, तेवढं एक वाक्य पुरे. आणि अक्षांवर एककं लिही.